टिचकीमावशींचा दाखला

माणूस जातो, पण त्याच्या नोकरीचा दाखला मागे राहतो. म्हणून दाखला असा लिहावा की तो वाचून परक्या कारखान्यातला साहेब खुर्चीतून उठून उभा राहिला पाहिजे, असं कपबशांच्या त्या कारखान्याचे हेडक्लार्क नेहमी म्हणत. बत्तीस वर्षांत त्यांनी चारेकशे दाखले लिहिले. सगळे एकच होते.

'सिन्सियर, हार्डवर्किंग अँड ओबीडियंट' हे त्रिकूट पहिल्या ओळीत, चारित्र्य दुसऱ्या ओळीत आणि उज्ज्वल भवितव्याच्या शुभेच्छा तिसऱ्या ओळीत. नाव तेवढं बदलायचं. भट्टीवाल्याला तोच, पहारेकऱ्याला तोच आणि अठ्ठेचाळीस बशा पळवल्या म्हणून ज्याला काढून टाकलं त्यालाही, घाईघाईत, तोच. तो गृहस्थ पुढे म्हणे कुठल्याशा गोदामाचा प्रमुख झाला. दाखल्यात ताकद होती हे नाकारून चालणार नाही.

कारखाना महिनाअखेर बंद होणार हे ठरल्यावर हेडक्लार्कांच्या टेबलापुढे रांग लागली. रांगेत सगळ्यात शेवटी टिचकीमावशी उभ्या होत्या. भट्टीतून निघालेला प्रत्येक कप उचलायचा, बोटानं टिचकी मारायची, कानाशी धरायचा आणि डाव्या किंवा उजव्या टोपलीत ठेवायचा, हे काम त्या सव्वीस वर्षं करत होत्या. खरं नाव त्यांच्या स्वतःच्याही लक्षात असेल की नाही, शंका होती.

"साहेब, माझा जरा वेगळा लिहायचाय," मावशी म्हणाल्या.

"वेगळा म्हणजे?"

"नदीपलीकडे तो नवा कारखाना आहे ना, विजेच्या खांबांवरचे चिनी मातीचे इन्सुलेटर करतात तो. त्यांना तपासणीला माणूस हवंय. पण म्हणतात, आधी काय काम केलंत ते इंग्रजीत लिहून आणा. नुसतं हेल्पर असेल तर मातीची पोती उचलायला जा. आता या कंबरेनं मी पोती उचलू?"

हेडक्लार्कांनी रजिस्टर उघडलं. मावशींच्या नावापुढे सव्वीस वर्षं एकच शब्द होता: हेल्पर.

"जावयानं एक लिहून दिलंय," असं म्हणत मावशींनी पिशवीतून घडी केलेला कागद काढला. त्यात मावशी 'सीनियर क्वालिटी एक्झिक्युटिव्ह' होत्या आणि त्यांच्या हाताखाली 'डायनॅमिक टीम' होती.

"ही टीम कुठली?"

"मला काय ठाऊक! मी म्हटलं त्याला, अरे, माझ्या हाताखाली फक्त टोपल्या असतात. तर म्हणाला, आई, इंग्रजीत असंच म्हणतात."

"असं मुळीच म्हणत नाहीत!" हेडक्लार्क कडाडले. कारखान्यात त्यांना डिक्शनरी म्हणत, ते उगीच नव्हे. "इंग्रजी ही शिस्तीची भाषा आहे. ठेवा तो कागद. उद्या बघा, दाखला कसा असतो ते."

संध्याकाळी घरी त्यांनी टेबलावरची भाजी निवडायची ताटली बाजूला सारली आणि लिहायला बसले. दोन तासांनी तयार झालेला मजकूर इतका भारदस्त होता की त्याला उचलायला दोन हमाल लागले असते. त्यात मावशींची 'अनपॅरलल्ड ऑडिटरी ॲक्युमेन', म्हणजे अतुलनीय श्रवणकुशाग्रता, होती. एका वाक्याला तर पाच स्वल्पविराम होते. त्यांनी तो बायकोला वाचून दाखवला. बायकोनं आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला होता. त्यामुळे कुठली गोष्ट कुठे आहे आणि कुठे नाही, हे तिला लगेच कळायचं.

"छान आहे," ती म्हणाली. "पण यात ती बाई कुठेय? मला तर सगळीकडे तुम्हीच दिसताय."

"मग लिहू काय? कप वाजवते म्हणून लिहू?"

"वाजवते ना?"

"अगं, पण ते वाचून काम कसं कळणार? दिसतच नाही ते काम. चांगला कप पुढे जातो, वाईट कप मागे राहतो, संपलं."

"न दिसणारी कामं मला नका शिकवू," भेंडी चिरत बायको म्हणाली. "माझ्या कामाचं वर्णन करायचं झालं तर काय लिहाल? मी माहेरी गेल्यावर या घरात काय होतं, ते लिहा. तेवढं पुरे."

हेडक्लार्कांना मागच्या वर्षीचे ते चार दिवस आठवले. दूध, करपलेली कढई, आणि शेजाऱ्यांनी आणलेली शिडी. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडायच्या आधीच ते दारात हजर होते.

त्यांनी दोन गोष्टी कपाटातून काढल्या. एक रजेचं रजिस्टर, दुसरी तक्रारींची फाइल. सव्वीस वर्षांत मावशींनी रजा घेतली होती अकरा दिवस. त्यांतले दोन दिवस भट्टीच दुरुस्तीला बंद होती. उरले नऊ.

तक्रारींच्या फाइलमध्ये पत्रं बरीच होती. माल उशिरा आला, निळी फुलं सांगितली तर हिरवी आली, असली किरकोळ पत्रं त्यांनी बाजूला काढली. तडकलेल्या कपांची पत्रं वेगळी ठेवली. एका हॉटेलात पाहुण्याच्या हातात कान राहिला होता आणि बाकीचा कप चहासकट मांडीवर गेला होता. एका दवाखान्यात सूप पलंगावर सांडलं होतं. प्रत्येक पत्रात कपाच्या बुडावर छापलेली तपासणीची तारीख दिली होती. हेडक्लार्क एकेक तारीख रजिस्टरशी ताडून पाहू लागले. तिसऱ्या पत्राला त्यांनी चष्मा पुसला. सहाव्या पत्राला ते उभे राहिले.

पत्रं नऊ होती. तारखा त्याच नऊ होत्या. त्या त्या दिवशी मावशींच्या जागी कोणी ना कोणी बसलं होतं. एकदा तर खुद्द मॅनेजरसाहेबांचा मेहुणा. चहा मांडीवर सांडला होता तो कप त्याच्याच दिवशीचा.

हेडक्लार्क तसेच उठून मावशींच्या बाकापाशी गेले. बत्तीस वर्षांत ते तिथे कधी थांबले नव्हते. मावशींनी कप उचलला, टिचकी मारली, डावीकडे ठेवला. दुसरा उचलला, टिचकी मारली, उजवीकडे.

"हा का बाद?"

"बोलतोय ना तो."

"काय बोलतोय?"

"कुठे दुखतंय ते." मावशींनी दोन्ही कप त्यांच्या कानाशी वाजवले. हेडक्लार्कांना दोन्ही सारखेच वाटले. मावशींनी बाद कपात पाणी ओतलं आणि फडक्यावर ठेवला. बघता बघता फडक्यावर ओला ठिपका उमटला. हेडक्लार्कांना चार हजार इंग्रजी शब्द येत होते. त्यांतला एकही त्या क्षणी उपयोगाचा निघाला नाही. त्यांना वाटलं, एवढी वर्षं आपण वरच्या मजल्यावर बसून शब्द तपासले आणि एकालाही टिचकी मारून पाहिली नाही.

त्या दुपारी त्यांनी नवा दाखला लिहिला. हाताला सवय नव्हती, म्हणून 'सिन्सियर' तीनदा उमटला आणि तीनदा खोडला गेला. उरलं ते एवढंच: यांचा हुद्दा हेल्पर होता. भट्टीतला प्रत्येक कप या बोटानं वाजवून, ऐकून पारखत. सव्वीस वर्षांत यांच्या हाताखालून गेलेला एकही तडकलेला कप ग्राहकाकडून परत आला नाही. यांच्या गैरहजेरीत काय झालं ते खाली दिलं आहे. आणि खाली नऊ तारखांचा तक्ता, एका बाजूला रजा, दुसऱ्या बाजूला तक्रार. सगळं मिळून अर्धं पान. स्वल्पविराम दोन.

मॅनेजरसाहेबांनी तो वाचला, मेहुण्याच्या तारखेपाशी खोकले आणि सही केली. दाखल्याची नक्कल नदीपलीकडे गेली.

तिसऱ्या दिवशी नदीपलीकडून फोन आला. तिथल्या इंजिनिअरनं एकच विचारलं, "या तारखा खऱ्या आहेत?"

"रजिस्टर आणि फाइल, दोन्ही माझ्यापुढे आहेत," हेडक्लार्क म्हणाले.

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. हेडक्लार्क शेवटपर्यंत सांगत राहिले की तो माणूस उठून उभाच राहिला होता. "सोमवारी पाठवा त्यांना. तपासणीलाच. आणि मूळ दाखला बरोबर द्या, फाइलला लागेल."

हेडक्लार्कांनी मावशींना वर बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि दाखला पहिल्यापासून शेवटपर्यंत मराठीत समजावून सांगितला. नऊच्या नऊ तारखांसकट. मावशी पदर सावरून ऐकत होत्या. सगळं संपल्यावर त्यांनी तक्त्यावर बोट ठेवलं.

"साहेब, माझ्यासाठी एवढं कोणी केलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "फक्त एक काम करा ना."

"सांगा मावशी. काय वाटेल ते सांगा."

"त्या रजा तेवढ्या खोडा. नवीन ठिकाणी पहिल्याच दिवशी कळायला नको, बाई दांड्या मारते म्हणून."