भरिताचा डबा

डबा आत घेतला म्हणजे माणूस जिवंत, हा आमच्या रांगेचा हिशोब. खार्तूममधल्या त्या पाटी नसलेल्या बंगल्यात कोण कोंडलंय, हे सरकार कुणाच्या बापाला सांगत नव्हतं. पण फाटकावरचा पहारेकरी बाबिकर आजचा डबा घ्यायचा आणि कालचा रिकामा परत द्यायचा. माझा नवरा तिजानी रेल्वे युनियनचा, विरोधी पक्षाचा. धर्माचं नाव घेत बंदुकीवर आलेल्या या सरकारला त्यानं भर सभेत चोर म्हटलं. चौथ्या दिवशी त्याला कामावरून उचललं. त्याला चार महिने झाले. ज्यांचा डबा नाकारला जाई त्या बायका तिथंच मटकन बसत. मला त्यांची कीव यायची आणि, खोटं कशाला बोलू, आपलं बरं चाललंय असंही वाटायचं.

त्या आठवड्यात मी हिवतापानं आडवी झाले. आमच्याकडे ज्याचं माणूस आत, त्याची चूल शेजार सांभाळतो. शेजारच्या बखीतानं वांग्याचं भरीत आणि किस्रा भाकरी करून डबा परस्पर पोचवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कशीबशी फाटकाशी गेले. बाबिकरनं डबा हातात दिला. बोटानं निपटून खाल्लेला.

"आज काय आणलंस?"

"भेंडीचा रस्सा."

"छ्या! कालचं भरीत फर्मास होतं. तुझा माणूस म्हणाला, रोज तेच पाठव. शेंगदाण्याचं कूट जरा सढळ हातानं घाल म्हणावं."

बखीताला काय बोल लावू? आमच्या गावात भरीत म्हटलं की शेंगदाणा आलाच. आमच्या घरात तेवढा तो कधी शिरला नाही. एक दाणा पोटात गेला की तिजानीचा गळा सुजतो, श्वास अडकतो. लग्नात चुकून एक घास खाल्ला तर नवरदेव दोन दिवस दवाखान्यात. नुसत्या वासानं ताट सरकवणारा माणूस तो.

"त्यानं स्वतः खाल्लं?"

"मग काय मी भरवलं? बोटं चाटत होता."

"खोटारड्या! मरेल तो शेंगदाण्यानं! कोण गिळतंय माझा डबा? सांग, मेल्या!"

"आधी डोकं झाक, मग तोंड उघड," तो खेकसला. मी फाटकाचे गज धरून गदागदा हलवले. तेव्हा त्यानं मागे बघितलं आणि आवाज खाली आणला. "ओरडू नको, बाई. मी रमजानात इथं लागलो. तेव्हापासून तरी या नावाचा माणूस आत नाही."

रमजान होऊन तीन महिने झाले होते. या अल्ला! तीन महिने मी या परक्या पहारेकऱ्याला जेवू घालत होते, आणि घरी जाऊन सासूला सांगत होते, तुमच्या पोरानं आज सगळं संपवलं. ती म्हातारी रोज हात वर करून देवाचे आभार मानायची. मला रडूसुद्धा येईना.

मी रांगेकडे वळले. वीसेक बायका, वीसेक डबे. माझ्यामागे अलवीया उभी होती. तिचा विद्यार्थी मुलगा आत होता. तिनं सगळं ऐकलं होतं. आता ही किंचाळणार, या हरामखोराच्या डोक्यात डबा घालणार, असं मला वाटलं.

अलवीयानं मला हलकेच बाजूला केलं आणि आपला डबा पुढे धरला.

"घे रे बाळा," ती बाबिकरला म्हणाली, "गरम आहे तोवर दे त्याला."