शेजाऱ्यांशी न जुळणारा ठिपका

सर्जननी पडदा धाकटीकडे वळवला आणि ती खुर्चीत पुढे सरकली. पडद्यावर तिच्या थोरल्या बहिणीच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुग्यासारखी टरारलेली दिसत होती, पण तिला खटकलं ते वेगळंच. चित्र नको इतकं स्वच्छ होतं.

"बघा मॅडम, तुमचीच करामत!" सर्जन कौतुकानं म्हणाले. "फुग्याच्या या मानेला उद्या सकाळी चिमटा लावला की काम झालं. पूर्वी आम्ही अंधारात चाचपडायचो."

ताई शेजारच्याच खुर्चीत पर्स मांडीवर घेऊन बसली होती. "पुरस्कार मिळाल्यापासून ही आमच्याशी बोलतच नाही, डॉक्टर. आज तुमच्याशीही बोलेना, तेवढंच मला समाधान."

धाकटी हसली नाही. संगणकाकडून खऱ्यासारखी चित्रं काढून घेण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. प्रकाशाचा किरण कुठे आपटेल आणि कुठे वळेल, हे संगणक चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतो आणि असे लाखो किरण सोडून चित्र भरतो. किरण कमी पडले, की चित्रावर मीठ सांडल्यासारखे पांढरे ठिपके उरतात. विद्यार्थिनी असताना, यंत्रांच्या घरघरीत बसून तिनं त्यावर एक नियम शोधला: शेजाऱ्यांशी जुळत नाही तो ठिपका खोटा, पुसून टाका. सहकाऱ्यांनी त्या नियमाला 'झाडू' म्हणायला सुरुवात केली. झाडूनं आधी कार्टूनपटांतला धूर साफ केला, मग मोटारींच्या जाहिराती, मग न बांधलेल्या इमारतींची चित्रं. तो स्कॅनवरून असंच चित्र उभं करणाऱ्या इस्पितळांच्या यंत्रांतही बसवला, तेव्हा तिला आकाश ठेंगणं झालं होतं. पुरस्कार मिळाला तो त्याबद्दलच.

पण कार्टूनच्या धुरात एकटा, खरा ठिपका कधीच नसतो. माणसाच्या डोक्यात तो असू शकतो. इतक्या वर्षांत ही गोष्ट तिच्या मनाला शिवली नव्हती. ती आज शिवली.

"डॉक्टर, झाडू न मारलेलं चित्र दाखवता?"

"कशाला? नुसता कचरा असतो त्यात."

"मला कचराच बघायचाय."

"घरचं माणूस असलं की असं होतं, मॅडम. स्कॅनचे मूळ, थराथरांचे काप आम्ही पाहिलेत. अहवालातही वेगळं काही नाही."

"एवढ्याशा कणावर नजर ठरली नसेल तर? फुग्याच्या मानेपाशी चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, कण असला, तर चिमटा बसेल?"

सर्जनचं हसू ओसरलं. "नीट नाही बसणार. भिंत फाटू शकते."

"काय फाटू शकतं?" ताईनं विचारलं. "अगं भिंगरे, माझ्यादेखत बोलताय तर मला कळेल असं तरी बोला."

"जरा गप्प बस ना, ताई."

"वा! डोकं माझं आणि गप्पही मीच बसायचं!"

सर्जननी झाडू बंद केला. सगळ्या चित्रावर ठिपके उसळले. मानेपाशीही चार-पाच होते, आणि सगळे एकाला झाकावं अन् दुसऱ्याला काढावं असे सारखे.

"आता यातला खरा कुठला?" सर्जननी विचारलं.

तिला सांगता येईना. झाडूच्या जन्मदात्रीला सांगता येईना!

"पुन्हा काढा," ती शेवटी म्हणाली. "नव्यानं चिठ्ठ्या टाकून. खोटे ठिपके दर वेळी जागा बदलतात. खरा असेल तो हलणार नाही."

यंत्र कामाला लागलं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीच्या पावलांनी सरकत होती. सगळे हलू देत, धाकटी मनात घोकत होती, सगळे हलू देत.

सर्जननी दोन्ही चित्रं आलटून पालटून दाखवली. ठिपके पिसवांसारखे इकडून तिकडे उडत होते. मानेच्या कडेचा एक मात्र ठिय्या मांडून बसला होता. त्यांनी तिसऱ्यांदा काढलं. तो तिथेच.

सर्जन मूळ कापांकडे गेले आणि बराच वेळ वाकून बघत राहिले. "आहे," ते हळूच म्हणाले. "डोळ्यांसमोर होता. हे चित्र बघून मीही निर्धास्त झालो." त्यांनी चष्मा काढला. "उद्याचं रद्द. रक्तवाहिनीच्या आतून नळी घालून करता येतंय का, ते बघू."

"म्हणजे मी वाचले की मेले?" ताई म्हणाली. "एक काय ते सांगा."

"वाचलीस," धाकटी म्हणाली. पण तिचा आवाज सुटलेल्या माणसाचा नव्हता. तिनं सर्जनकडे पाहिलं. "यापूर्वी अशा चित्रांवरून ज्यांची ऑपरेशनं केलीत... त्यांतलं कुणी...?"

"दोघं," सर्जन म्हणाले. "ऑपरेशनच्या टेबलावरच गेले. भिंत का फाटली, ते कळलंच नव्हतं."

"त्यांचे स्कॅन आहेत?"

"आहेत."

ताई पर्स सावरत उठली. "तुमचं काम चालू दे. मी बाहेर थांबते."

"नको, ताई," धाकटीनं तिचा हात घट्ट धरला. "तू इथेच बस."