कार्डाची मागची बाजू

उल्कानं एंटर दाबलं आणि वसुमतीअक्कांना हाक मारली.

"या, आता बघा. एकेक स्थळ एकेका पानावर दिसेल."

अक्का पदराला हात पुसत आल्या आणि खुर्ची ओढून बसल्या. के. आर. पुरममधल्या त्यांच्या या पुढच्या खोलीतून गेली वीस वर्षं बंगळूरच्या मराठी मुलामुलींची लग्नं जमत होती. आता नव्याण्णव साल सरत आलं होतं, भाच्यानं कॉम्प्युटर आणून ठेवला होता, आणि पेटीतली स्थळांची सगळी कार्डं इंटरनेटवर जायची होती. व्हाइटफील्डच्या कंपनीत उल्का आठवडाभर हेच काम करत असे, तेव्हा एक रविवार अक्कांसाठी द्यायला तिची ना नव्हती. शिवाय तिचंही कार्ड त्याच पेटीत होतं, आठ वर्षं.

काम तसं सोपं होतं. टाइप करणाऱ्या धनलक्ष्मीनं प्रत्येक कार्डावरची माहिती खुणा घालून उतरवली होती: हे नाव, हे शिक्षण, ही उंची. उल्कानं त्या खुणांसाठी एकेक साचा लिहिला होता. नावाची खूण भेटली की मजकूर ठळक छापायचा, शिक्षणाची भेटली की त्याच्याखाली साध्या ओळीत.

"आणि हे काय गं, तळाला?" अक्कांनी चष्मा सारखा केला.

पहिल्याच पानाच्या तळाशी रोमन अक्षरांतलं मराठी सांडलं होतं. मुलगा बरा, आई भांडखोर.

"अय्यो! ही तर कार्डाची मागची बाजू. ते मी माझ्यापुरतं लिहिते. धनलक्ष्मीनं तेपण उतरवलं?"

"मीच तिला बजावलं होतं, एक अक्षर गाळू नको म्हणून," उल्का म्हणाली. "तिनं त्याला आपल्या मनानं 'शेरा' अशी खूण दिली. त्या खुणेला माझा साचाच नाही. साचा नसला म्हणून मजकूर गळत नाही अक्का, तो तसाच उघडा पानावर येतो."

बोलता बोलता ती पुढची पानं बघत होती. मुलगी गोड, वय दोन वर्षं कमी सांगतात. एरवी कुणालाही हसू फुटलं असतं. तिला फुटलं नाही. नऊ स्थळांचे नकार तिच्या वडिलांनी, अण्णांनी, एकामागून एक घरी आणले होते, आणि पाचव्या-सहाव्यानंतर तिला कशाचंच काही वाटेनासं झालं होतं. 'नाही म्हणाले गं,' असं अण्णा सांगत, ती 'बरं' म्हणे आणि उरलेले कपडे वाळत घाली.

"स्वल्प थांब," अक्का एकदम म्हणाल्या. "पुढचं नको बघू."

पण पुढचं पान आलंच होतं, आणि ते तिचं होतं.

स्थळं होकार कळवतात. वडील नकार देतात. मुलीला सांगू नका म्हणून हात जोडले त्यांनी.

उल्कानं ते दोनदा वाचलं. आता रडू येईल म्हणून ती वाट बघत राहिली. आलं नाही.

"नऊच्या नऊ?"

"सात." अक्का फरशीकडे बघत होत्या. "दोघांनी खरंच नाही म्हटलं. तुझी आई गेली नि तेव्हापासून ते असे... मी बोलले त्यांना, दोनदा बोलले. पण बापाच्या शब्दापुढे मी कोण गं?"

उल्का कीबोर्डकडे वळली. तिनं 'शेरा' या खुणेसाठी एक साचा लिहिला, आत काहीही नसलेला. ही खूण भेटली की काही छापायचं नाही. प्रोग्राम पुन्हा चालवला. सगळी पानं स्वच्छ झाली. भांडखोर आई गेली, चोरलेली दोन वर्षं गेली, अण्णांचे जोडलेले हातही गेले.

मग तिनं आपली मूळ नोंद उघडली. 'पत्रव्यवहार' या खुणेत अण्णांचं नाव होतं. ते पुसून तिनं तिथे स्वतःचं नाव आणि ऑफिसचा फोन नंबर घातला.

अक्का बघत होत्या. त्या म्हणाल्या, "परवा होसपेटचं एक आलंय. शाळेत शिकवतो."

"सरी, चालेल. मला फोन करा."

ती घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजून गेले होते. अण्णा जेवले नव्हते. दोन पानं मांडून ते सार पुन्हा गरम करत होते.

"अक्कांकडे काही नवं?" त्यांनी नेहमीसारखं विचारलं.

"होसपेटचं एक आहे."

"बघू. कळवतील मला."

"तुम्हाला नाही, अण्णा. आता मला कळवतील."

ढवळणारा डाव थांबला. सार उतू जायला आलं तसा अण्णांनी गॅस बंद केला, पण ते वळले नाहीत.

"एकट्याला जेवण जात नाही मला, उल्का," ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले.

"ठाऊक आहे मला."

तिनं त्यांना दंडाला धरून पानावर बसवलं आणि भात वाढला. मग समोर बसून आपल्याही पानात वाढून घेतला, एकदा आणि पुन्हा एकदा. तिला कडकडून भूक लागली होती.