डावे हात

परदेशी शाळेत येऊन तीन महिने झाले, तरी बाईंना अजून कुणी बाई म्हटलं नव्हतं. इथली पोरं थेट नावानं हाक मारत, तेही निम्मं तोडून. पहिल्या दिवशी बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण पाहुण्यानं घरात शिरल्याशिरल्या भांडी आपटायची नसतात, म्हणून त्या गप्प बसल्या.

तिकडे, आपल्या शाळेत, त्यांना पोरं पाठीमागे 'तोफ' म्हणत. सत्तर डोक्यांचा वर्ग त्या नुसत्या नजरेनं गार करत. जन्मभर इंग्रजी शिकवलं, पण इंग्रजीतच वाढलेल्या माणसांपुढे आपण कधी उभं राहिलो नाही, हे मात्र त्यांना सलत होतं. म्हणून निवृत्तीला थोडी वर्षं उरलेली असताना त्यांनी राजीनामा दिला आणि त्या निघाल्या. निरोपसमारंभात दोन मास्तर रडले, आणि दुसऱ्याच आठवड्यात त्यांच्या जागेवर नवी बाई बसली.

इथली नोकरी पक्की व्हायची होती. त्यासाठी दोन तपासण्या. पहिलीला मुख्याध्यापिका मागच्या बाकावर वही घेऊन बसली आणि तासभर बाई एकट्याच बोलल्या. पोरं शुंभासारखी बघत राहिली. शेवटी मुख्याध्यापिका हसून म्हणाली, "तुमचं इंग्रजी सुंदर आहे. पण मला मुलांचं ऐकायचं होतं." ही हसून बोलणारी माणसं फार वाईट, रागावणाऱ्याशी निदान भांडता तरी येतं. आज दुसरी तपासणी होती. ती हुकली की परतीचं तिकीट. मग काय, तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं.

सकाळी डबा भरताना तिकडून नवऱ्याचा फोन आला.

"जमेल ना गं?"

"न जमायला काय झालं? तपासणी काय मी आज बघतेय?"

"तसं नाही. पण तिकडची माणसं वेगळी..."

"माणसं इथून तिथून सारखी हो. साहेब मागे बसला की पुढे हात वर दिसले पाहिजेत, बस."

बोलता बोलता त्या थांबल्या. युक्ती तर घरचीच होती. साहेब येणार म्हटलं की तिकडे वर्गावर्गांत हीच तालीम व्हायची. प्रश्न विचारला की झाडून सगळ्यांनी हात वर करायचा. उत्तर येत असेल त्यानं उजवा, नसेल त्यानं डावा. साहेबाला नुसतं हातांचं रान दिसतं, आणि कुठल्या हाताला उठवायचं ते बाईंना बरोबर कळतं.

घंटा व्हायच्या आधी बाईंनी वर्गाला हे समजावलं. समोरच्या बाकावरचा पोरगा, ज्याचं नाव त्यांनी मनातल्या मनात शंकासुर ठेवलं होतं, लगेच उठला.

"येत नसेल तर हात वर कशाला करायचा?"

"खेळ आहे."

"मग यात जिंकतं कोण?"

"आपण सगळे. बस खाली."

तेवढ्यात मुख्याध्यापिका आत आलीच.

धडा होता एका नावाड्याचा. वादळात होडी घालतो आणि घर समोर दिसत असताना परत फिरतो. बाईंनी वाचून दाखवलं, पहिला प्रश्न टाकला आणि वर्गभर हात उभे राहिले. त्यांनी उजवा बघून एकाला उठवलं. उत्तर बरोबर. दुसरा प्रश्न, पुन्हा हात, पुन्हा बरोबर. मागे पेन भराभर चालत होतं. बाईंच्या अंगात जुनी तोफ जागी झाली. पाठीला घामाची धार लागली होती, पण आवाज खणखणीत होता.

"नावाडी परत का फिरला?"

"एक मिनिट," मागून आवाज आला. "खिडकीजवळच्या मुलीला विचाराल? तिचा हात मी पहिल्यांदाच वर बघतेय."

ही मुलगीही परमुलखातूनच आलेली. इंग्रजी तिला बाईंपेक्षा कितीतरी परकं. मधल्या सुट्टीत शेजारी बसून, चित्रं दाखवून, लाडीगोडी लावून बाई थकल्या होत्या. होय-नाहीच्या पुढे गाडी सरकली नव्हती. आणि आता तिचा डावा हात सरळ वर होता.

"तिला जरा सोपा प्रश्न विचारते," बाई म्हणाल्या.

"नको, हाच."

बाई तिच्या बाकाजवळ गेल्या. मुलगी उठली. तिचे ओठ हलले, थांबले, परत हलले. मग ती पुटपुटली:

"मला उत्तर येत नाही. ज्यांना येत नाही त्यांनी डावा हात वर करायचा, असं तुम्हीच सांगितलंत."

इंग्रजीत. सबंध दोन वाक्यं, कुठे अडखळणं नाही, एक शब्द इकडचा तिकडे नाही. ऐकली फक्त बाईंनी.

"काय म्हणाली?" मुख्याध्यापिकेनं मान उंचावली. "इथपर्यंत आलं नाही."

लाजली, विसरली म्हणतेय, एवढं म्हटलं की संपलं असतं. नोकरी पक्की झाली असती. शब्द बाईंच्या जिभेवर आलेसुद्धा. पण मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. आपण बरोबर बोललो ना, एवढंच तिला हवं होतं. आता बाई खोटं बोलल्या असत्या तर तिला ते कळलं असतं, कारण तिला सगळं कळत होतं, फक्त आजवर ती बोलत नव्हती. आणि मग ती जी खाली बसली असती ती पुन्हा कुणासाठी उठली नसती.

बाईंना भीती वाटली. खरीखुरी भीती.

"छान बोललीस," त्या म्हणाल्या. "आता मोठ्यानं बोल. मागच्या बाकापर्यंत गेलं पाहिजे."

मुलगी मागे वळली आणि मोठ्यानं बोलली. वर राहिलेले हात एकेक करून खाली आले.

मुख्याध्यापिका या वेळी हसली नाही. तिनं वही मिटली आणि दाराकडे जाताना ती बाईंजवळ थांबली. "मुलगी बोलली, हे मी लिहीन," ती हळूच म्हणाली. "पण हातांचंही लिहावं लागेल. ते लिहिल्यावर नोकरी वाचत नाही, हे तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "लिहा."

दार लागलं. बाईंना रडू फुटत होतं आणि पोरांसमोर रडायची त्यांची पद्धत नव्हती. तास अजून बराच शिल्लक होता. त्यांनी खुर्ची ओढली आणि त्या खिडकीजवळ जाऊन बसल्या.

"बरं, धड्यातलं काय कळलं नाही, सांग बघू."

मुलीनं पुस्तकावर बोट ठेवलं. "घर समोर होतं," ती म्हणाली, आणि या खेपेला तिला मोठ्यानं बोल असं कुणाला म्हणावं लागलं नाही. "मग तो परत का फिरला?"