पेन्कामावशीची चॉकलेटं

बल्गेरियातल्या प्लोव्दिव शहराच्या रुग्णवाहिका केंद्रात फोन घेणारी नेवेना महिनाभर कुणाला ताकास तूर लागू देत नव्हती. गाडी पोचायच्या आतच फोनवरच्या एका बाईचा आवाज तिच्या कानातच कायमचा बंद पडला होता. तेव्हापासून फोन वाजला की तिला हातच उचलवत नसे. तीन-चार वेळा तो तसाच वाजत राही, आणि तेवढ्यात इथं माणूस जातं.

साहेबांनी ताणतणावाचा फॉर्म वाटला, तेव्हा सगळ्यांनी ‘काही त्रास नाही’वर खूण करून टाकली. नेवेनानेही. तिसऱ्या मजल्यावर समुपदेशक बसवली होती, पण तिच्या दारात दिसलं की माणूस कामातून गेलं, अशी सगळ्यांची समजूत. शहाणीच माणसं सगळी! नेवेनाने त्यापेक्षा राजीनामा लिहून ठेवला होता. काम तर तिला जिवापाड आवडायचं.

त्या सकाळी पेन्कामावशी चॉकलेटांचा डबा घेऊन टेबलाटेबलावरून फिरल्या. तीस वर्षं फोनवर बसलेली बाई, पण तिच्या डोळ्यांत कुणी टिपूस पाहिलं नव्हतं. काही चांगलं घडलं की ज्याचं त्याने चॉकलेटं वाटायची, आणि घेणाऱ्याने “कशाबद्दल?” विचारून अभिनंदन करायचं, हा इथला शिरस्ता. नातू झाला असणार, असं शेजारच्या प्लामेनने धरूनच टाकलं.

“तिसऱ्या मजल्यावर जाऊन आले,” मावशी म्हणाल्या. “तासभर रडले. त्याबद्दल घ्या.”

मग एरवी सगळ्यांची थट्टा करणारा प्लामेनच उठला आणि त्याने अभिनंदन केलं. बाकीच्यांनाही करावंच लागलं.

नेवेनाने हातातलं चॉकलेट तसंच टेबलावर ठेवलं.

“मावशी, मला फोन उचलवत नाही हो,” ती म्हणाली आणि रडायलाच लागली.

मावशींनी तिची लाईन प्लामेनकडे सोपवली आणि तिला दंडाला धरून वर नेलं. दाराशी मात्र त्यांचंच पाऊल अडलं.

“खरं सांगू? मी अजून आत गेलेच नाही गं. तीनदा जिन्यातून परतले. तुझी दशा रोज बघत होते, म्हणून आधी चॉकलेटं वाटून टाकली. आता माघार कशी घेऊ?”

नेवेना डोळे पुसता पुसता हसली. तिने मावशींचा हात धरला.

“आधी तुम्ही जा. मी इथंच बसते,” ती म्हणाली, आणि दार तिनेच वाजवलं.