हिम्मतरावांचे पाय

साबण लावून गोरं होता येतं, हे टीव्हीवर दिसलं की आमच्या सुलतान बाजारातली माणसं लगेच विश्वास ठेवतात. डोळ्यांसमोर माणूस सायकल चालवतोय, त्यावर मात्र नाही.

हिम्मतराव नांदेडकडचे. सात दिवस जमिनीला पाय न लावता सायकल चालवणं हाच त्यांचा धंदा. आमच्या घरामागच्या मैदानात ते गोल गोल फिरायचे, सायकलवरच जेवायचे, दाढी करायचे, आंघोळसुद्धा. संध्याकाळी खेळ: उलटं बसून चालवणं, दातांनी खुर्ची उचलणं. माईकवर मी बोलायची, कारण त्यांची बायको पंचफुलामावशी लाजायची आणि मी शाळेत वक्तृत्वात नुकतीच पहिली आले होते. सात दिवस पुरे झाले की नामपल्लीच्या नुमाइशीत, म्हणजे तिथल्या मोठ्या प्रदर्शनात, त्यांना खेळ मिळणार होता. तिथली माणसं सातव्या दिवशी बघायला येणार होती.

शंका काढली आमच्या शेजारच्या एकनाथकाकांनी. त्यांच्याकडे नवी केबल आली होती आणि परदेशातले सायकलवाले औषधं घेऊन जिंकतात, हे त्यांनी त्यावर पाहिलं होतं. त्यांचं म्हणणं, चढावर सायकल मारणारा गडी वेगळा, वेगात मारणारा वेगळा. ज्याला सगळंच येतं तो काहीतरी लपवतोच. हिम्मतराव रात्री उतरून झोपतात, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं. पाहिलं होतं का? नाही. तरी सगळे तेच बोलायला लागले. माझी आईसुद्धा, आणि आमची खिडकी तर मैदानावरच उघडते.

सहाव्या संध्याकाळी काकांनी भर गर्दीत सायकलचं हँडल धरलं. "आम्हाला हौले समजतोस काय? रात्री उतरतोस ना?"

"उद्याचा दिवस जाऊ द्या, साहेब," हिम्मतराव तोल सावरत म्हणाले.

काकांनी हँडल सोडलं नाही. सायकल कलली. हिम्मतरावांचा पाय जमिनीला लागला, गुडघे दुमडले आणि ते खालीच बसले. घोटे सुजून टम्म झालेले. पाय तर बसल्या बसल्याही पेडल मारल्यासारखे हलत होते. मावशीने ते मांडीवर घेऊन दाबून धरले. रोज रात्री झोपणाऱ्याचे पाय असे होतात?

काका म्हणाले, "ॲक्टिंगपण येते की याला."

मी माईक उचलला. "खेळ संपलेला नाही. आता एकनाथकाका सायकल चालवून दाखवतील. सात दिवस नको, एकच चक्कर."

कुणीतरी खरंच सायकल त्यांच्यापुढे नेऊन उभी केली. लोक हसायला लागले. काका घरी गेले.

दुसऱ्या दिवशी नुमाइशीची माणसं आली. हिम्मतराव बाजेवर पडून होते. खेळ मोडला, मग खरं मानायचं कशावरून, असं ती माणसं विचारायला लागली. मी आईला हाताला धरून खाली आणलं.

"सांग, रात्री खिडकीतून काय दिसायचं?"

आईने ओले हात पदराला पुसले. हिम्मतरावांच्या पायांकडे पाहिलं.

"फिरतच असायचे हो ते," ती म्हणाली. "मी पाणी प्यायला उठायची, तेव्हा दिसायचे मला. रोज."

मग इतके दिवस का नाही बोललीस, हे मी तिला सगळ्यांदेखत विचारलं.