पोरांची बंदूक

एप्रिलात डॉक्टरांनी आर्लिस टॉलेफसनचा उजवा खांदा उघडून शिवला, आणि तिचा थोरला भाऊ व्हर्लिन लगेच टेकडीवरच्या मचाणावर डोळा ठेवून बसला. मचाण वडिलांचं. विस्कॉन्सिनच्या उत्तरेला, दलदलीच्या कडेला, पहाटे हरणं परततात त्या वाटेवरच. त्यावर कुणी बसायचं याचा नियम वडील घालून गेले होते: शिकारीच्या हंगामाआधी खडीच्या खाणीत ज्याचा नेम चांगला, मचाण त्याचं. आजवर ते आर्लिसकडेच होतं.

"बाबांची थर्टी-ऑट-सिक्स बंदूक आता तुला झेपायची नाही," व्हर्लिन म्हणाला. "यंदा शिकारीच्या केबिनमध्येच थांब. पॅनकेक छान करतेस."

"खाणीत भेटू," आर्लिस म्हणाली, आणि थेट बंदुकांच्या दुकानात गेली.

काउंटरमागे डेलमार होता, शाळेत तिच्याच वर्गातला. त्याने दोन बंदुका काढून ठेवल्या. "ही सिक्स-फाइव्ह. खांद्याला धक्का बेताचा, पल्ला मोठा. आणि ही टू-फोर्टी-थ्री. हिचा धक्का त्याहून कमी."

"हिने हरीण पडेल?"

"हरणासाठीची जड गोळी घे आणि पुढच्या पायामागे, फुप्फुसात मार. लांब जाणार नाही. कुठेही लागली तरी हरीण पाडेल अशी बंदूक माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही."

"मला उन्हाळाभर डबेही उडवायचेत. मजा आली पाहिजे."

"मग टू-फोर्टी-थ्रीच. पण खांद्याला टेकतो तो दस्ता तुला लांब होतोय. बोटभर कापतो, मागे रबराची गादी लावतो. न बसणारा दस्ता खांद्याला जास्त छळतो."

उन्हाळाभर आर्लिसने घरामागच्या बांधावर पत्र्याचे डबे उडवले. खांदा कुरकुरला नाही. आणि एक दिवस तिच्या लक्षात आलं की इतकी वर्षं आपण बाबांच्या बंदुकीच्या धक्क्याला मनातून भीतच होतो. आता भीती नव्हती, आणि तिला त्याचा फार आनंद झाला.

खाणीत व्हर्लिन आपली थ्री हंड्रेड मॅग्नम घेऊन आला. तोफच ती.

"पोरांची बंदूक आणलीस?" त्याने जमलेल्या शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. "हरणं हसतील गं."

"हसायला थांबली तर बरंच आहे."

शंभर यार्डांवर कागदी ताटली लावली होती. आर्लिसची सगळी भोकं तळहाताखाली झाकली जातील इतकी जवळ पडली. व्हर्लिनची एक गोळी ताटलीच्या काठाला लागली, बाकीच्या वाळूत गेल्या.

"बंदुकीवरची दुर्बीण हललीय," तो म्हणाला. त्याची दुर्बीण दरवर्षी हलायची.

"मग बाबांची पद्धत करू," आर्लिस म्हणाली.

बाबांची पद्धत म्हणजे बंदूक दुसऱ्याने भरायची. कधी खरं काडतूस, कधी रिकामं, आणि नेम धरणाऱ्याला ते कळू द्यायचं नाही. चारचौघांत व्हर्लिनला नाही म्हणता येईना. पहिला बार जोरात उडाला. दुसऱ्या खेपेला तिने रिकामं भरलं. चाप ओढताच नुसतं टक् झालं, पण न आलेल्या धक्क्याच्या भीतीनेच नळी खाली गेली आणि व्हर्लिनचे डोळे गच्च मिटले. कुणी हसलं नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं.

आर्लिस त्याला बाजूला घेऊन गेली. "कधीपासून?"

"मॅग्नम घेतली तेव्हापासून." तो वाळूकडे बघत होता. "मला तुझ्यापेक्षा मोठी हवी होती."

तिला त्याची दया आली. मचाण मात्र तिने सोडलं नाही.

हंगामाच्या पहिल्या पहाटे तिने मचाणावरून एका गोळीत नर पाडला. व्हर्लिनच्या बाजूने तोफेचे तीन बार झाले आणि तो रिकाम्या हाताने आला. तिच्या खांद्याकडे बघून हरीण मात्र त्यानेच ओढत आणलं. केबिनचा रिवाज असा की ज्याचा नेम चुकला त्याच्या शर्टाचं टोक कापून भिंतीला ठोकायचं. भिंतीवर व्हर्लिनच्या शर्टांच्या टोकांची रांग होती. तिथे आणखी एक लागलं.

जेवण झाल्यावर आर्लिसने आपली बंदूक त्याच्या बुटांशेजारी उभी केली. "परवान्यातलं माझं हरीण झालं. उद्या मचाण रिकामंच आहे. दस्ता तुला जरा आखूड पडेल."

"मी मागितली का?"

"नाही. मागणारही नाहीस."

सकाळी केबिनमध्ये ती एकटीच पॅनकेक करत होती. उजाडता उजाडता टेकडीकडून बारीक, कोरडा आवाज आला. तिच्याच बंदुकीचा. दरवर्षी व्हर्लिनच्या पहिल्या बारामागे दुसरा यायचा, मग तिसरा. कालथा हातात धरून ती दुसऱ्याची वाट बघत राहिली. तव्यावरचा पॅनकेक करपला.

दुसरा बार झाला नाही. आर्लिसने शेगडी बंद केली, बूट चढवले आणि खुंटीवरचा हरीण ओढायचा दोर डाव्या खांद्यावर टाकून ती टेकडीकडे निघाली.